आमच्या मांडवातलं लग्न मोडत नाही

मिरजगावहून नगरकडे येताना रस्त्याच्या कडेला बरीच वर्षं एक फ्लेक्स उभा आहे. उन्हाने त्याचे रंग उडतात आणि दर लग्नसराईच्या आधी तो नवा होतो. फ्लेक्सवर हात जोडलेले एक गृहस्थ, त्यांच्या मागे मुंडावळ्या बांधून ओळीने बसलेली जोडपी, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आमच्या मांडवातलं लग्न मोडत नाही.’ जोडप्यांचे चेहरे बोराएवढे, गृहस्थांचा परातीएवढा. मी घटस्फोटाचे आणि मुलांच्या ताब्याचे दावे चालवणारी वकील. एसटीतून त्या फ्लेक्ससमोरून जाताना दर वेळी मनात यायचं, की हे वाक्य खरं असेल तर मी आता भाजीचं दुकान टाकायला हरकत नाही.

हे गृहस्थ सामुदायिक विवाह समितीचे अध्यक्ष. पूर्वी ते आणखीही कशाकशाचे अध्यक्ष होते. ती पदं गेली, ‘अध्यक्ष’ तेवढं राहिलं. घरची माणसंही त्यांना त्याच नावाने हाक मारतात असं ऐकून आहे.

सामुदायिक लग्नांवर माझा राग नाही. एका मांडवात वीसपंचवीस लग्नं लागली, मुलीच्या बापाच्या गळ्यातला फास थोडा सैल झाला, तर वाईट काय? अक्षता टाकायला मीही गेले आहे. माझा राग त्या वाक्यावर आहे. कारण त्या एका वाक्याची लाज राखण्यासाठी सात वर्षांच्या एका मुलीला ऊसतोडीला धाडायची तयारी झाली होती, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

तिची आई माझ्याकडे पाडव्यानंतरच्या उन्हात आली. कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. जिना अरुंद आहे. ती डाव्या हाताने कठडा धरत वर आली आणि उजवा हात तिने पदरात ठेवला होता. मागे तिचा थोरला भाऊ. भाऊ खुर्चीवर बसला, ती उभी राहिली. मी बस म्हटल्यावर बसली, पण कडेला.

ती कर्जत तालुक्यातली. नवरा-बायको दोघं ऊसतोड कामगार. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की दक्षिणेकडच्या कोरड्या भागातली माणसं ट्रकमध्ये बसून उत्तरेकडच्या पाण्याच्या भागातला ऊस तोडायला जातात, आणि दोन्हीकडचे पुढारी भाषणात एकाच जिल्ह्याचा अभिमान सांगतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. या भागातली कितीतरी लग्नं मुलीच्या वयाकडे बघून ठरत नाहीत. ट्रक कधी निघणार ते बघून ठरतात. तिचंही तसंच ठरलं होतं, आणि अध्यक्षांच्या मांडवात लागलं होतं.

त्या हिवाळ्यात पुणतांब्याकडच्या उसाच्या एका फडावर नवऱ्याने तिला कोयत्याच्या मुठीने मारलं. मोळ्या कमी बांधल्या, एवढंच कारण. मनगट मोडलं. गावठी इलाज झाला, हाड वाकडं बसलं. तिने पदरातून हात काढून टेबलावर ठेवला. मनगटाला असा कोन होता, की मला आधी वाटलं तिने तो मुद्दाम तसा धरलाय.

हंगाम संपायच्या आत ती माहेरी निघून आली. मुलगी सासरी होती. दरवर्षी हंगामात ती आजीजवळ राहून गावातल्या शाळेत जायची. सासूने नातीला दिलं नाही.

मी विचारलं, तुला काय हवंय? भाऊ बोलायला लागला, तिने त्याला थांबवलं नाही, पण तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा म्हणाली, “सोडचिठ्ठी पायजे आन् पोरगी पायजे. दुसरं त्याच्या घरातलं एक भांडंसुदिक नको.”

दोन्ही अर्ज केले. मुलीसाठीच्या अर्जात ‘ताबा’ हाच शब्द लिहावा लागतो. शेतजमिनीचाही ताबा, गाळ्याचाही ताबा आणि पोटच्या पोरीचाही ताबा. इतकी वर्षं लिहितेय, तरी हात अडखळतो.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर नवऱ्याचं लेखी म्हणणं आलं. ते मी दोनदा वाचलं. त्यात असं होतं, की अर्जदार स्त्रीला मुलीची माया नसून ती सहा सहा महिने मुलीला टाकून बाहेरगावी राहते. सहा सहा महिने राहत होती, हे खरंच होतं. त्याच्याच कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या खोपटात, त्याच्याच शेजारी, त्याच्याच कोयत्याचा दुसरा अर्धा भाग होऊन. कोर्टात लिहिताना मात्र नवरा बारा महिने घरी बसून पोरीची वेणी घालत होता.

असल्या वाक्यांचा मला अजूनही राग येतो. वकिलांनी असं लिहायचंच असतं, असं मला सांगितलं जातं. मीही वकील आहे. लिहायचं नसतं.

मग तारखा सुरू झाल्या. न्यायाधीश रजेवर, मग समोरचे वकील आजारी, मग समुपदेशकांकडे दोघांना बसवलं. तिथे नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, “नांदायला आली तर पोरगी तिचीच हाय की. मी कुठं न्हाई म्हनतो?” समुपदेशक बाई बिचाऱ्या चांगल्या. पण हे वाक्य ऐकून त्यांनाही आशा वाटली. मला त्यात मासे पकडायचा गळ दिसला. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्ही फार कडक बोलता.

पोळा झाला, गणपती बसले. आणि एके दिवशी ती एकटीच आली. पहिल्यांदाच भावाशिवाय. सासरच्या गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की नवऱ्याने यंदाही पूर्ण कोयता धरलाय. बायको नाही तर आई. म्हणजे सासू या वयात फडावर जाणार होती. मग नात कुणाजवळ राहणार? नात बरोबर जाणार. भाकऱ्या थापायला, पाणी आणायला, कोपी सांभाळायला.

“दुसरीत हाय ती,” ती म्हणाली. “मी बी दुसरीतच हुते, फडावर गेले तवा. परत शाळा न्हाई बघितली.”

दसरा झाला की ट्रक निघणार होते. कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची होती. मी तारीख अलीकडे घेण्याचा अर्ज दिला, तो नेहमीप्रमाणे ‘समोरच्याचे म्हणणे मागवा’ या शेऱ्यावर थांबला. मी तिला तसं सांगितलं. तिने मला एक प्रश्न विचारला.

“पोरगी त्यांच्याकडं राहावी, असा कोर्टाचा काही हुकूम हाय का?”

नाही, म्हटलं. अजून कुणाच्याच बाजूने नाही.

“मंग आज ती माझ्याकडं असती तर?”

“तर तुझ्याकडे असती. कोर्ट ठरवेपर्यंत.”

तिने मान हलवली आणि गेली. हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं, मी रोज हेच उत्तर देते. त्या दिवशी त्यात मला काही विशेष दिसलं नाही.

त्याच आठवड्यात अध्यक्ष माझ्या ऑफिसात आले. त्यांच्याबरोबर दोघं होते, ते उभे राहिले. एकाच्या हातात शाल, दुसऱ्याच्या हातात नारळ. जिना चढून अध्यक्षांना धाप लागली होती, तरी बसायच्या आधी त्यांनी माझ्या भिंतीवरच्या पुस्तकांकडे पाहिलं आणि सगळी वाचली का म्हणून विचारलं. काही वाचलीत, म्हटलं. काही समोरच्या माणसाला गप्प करायला ठेवलीत. ते मोठ्याने हसले. हसणं चांगलं होतं त्यांचं. अशा माणसांचं असतंच.

विषय असा होता. नवरात्रात त्यांचा वाढदिवस. त्या वर्षी नुसता केक नव्हता, ‘संसार सन्मान सोहळा’ होता. मोडता संसार सावरलेल्या जोडप्यांचा जाहीर सत्कार. चार जोडपी तयार होती. पाचवं हे व्हावं अशी त्यांची इच्छा होती, कारण हे त्यांच्याच मांडवातलं, आणि गावोगावी कळलं होतं की कोर्टात गेलंय.

“ताई, कायदा तुमचा, पन मानसं आमची,” ते म्हणाले. “तुमी दावा काढून घ्या. पोरीला मी स्वतः आईच्या हवाली करतो. पोरीला आई मिळंल, मानसाला बायको मिळंल.”

“आणि तुम्हाला फ्लेक्स.”

“आता तुमी बोलनारच,” असं म्हणून त्यांनी ती शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी नको म्हणेपर्यंत नारळही टेबलावर आला होता.

मी म्हटलं, तिचं मनगट मोडलंय, ते तुम्ही पाहिलंत का? ते म्हणाले, भांड्याला भांडं लागतं. मी म्हटलं, भांडं लागलं नाही, कोयत्याची मूठ लागली. त्यावर त्यांनी उभ्या असलेल्या दोघांकडे असं पाहिलं, की बघा, शिकलेल्या बायकांशी बोलणं किती अवघड असतं. दावा काढणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं. ते अजिबात चिडले नाहीत. पक्षकार काढतो म्हणाली तर तुमी काय करणार, एवढंच विचारून जिना उतरले.

त्यांना माहीत होतं कुठे दाबायचं. भावाची मुलगी लग्नाची होती आणि तिचं नाव पुढच्या मांडवात घातलेलं होतं. दोन दिवसांनी भाऊ आला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला त्याने घरात घेतलं होतं, बायकोची बोलणी खाल्ली होती. पण आता त्याचा आवाज उतरला होता. “मॅडम, हिच्यापायी माझ्या पोरीचं लगीन अडायला नको. गावात ऱ्हायचंय आमाला. तुमी नगरला ऱ्हाता.”

एवढं बोलून तो जिना उतरला.

समेटाची बैठक भावाच्याच ओसरीवर झाली. मला बोलावलं नव्हतं. काय झालं ते तिने नंतर सांगितलं. पंधरावीस पुरुष सतरंजीवर आणि ती दाराच्या आत. सगळ्यांनी तिला समजावलं. पोरीकडं बघ, भावाकडं बघ, म्हातारपणाकडं बघ. ज्या हाताकडे बघायचं तो पदरात होता. शेवटी अध्यक्षांनी दावा काढून घेण्याचा कागद पुढे केला, सही कर म्हणाले. तेव्हा ती आतून म्हणाली, “आदी पोरगी माझ्या मांडीवर. मंग म्हनाल तिथं सही.”

कुरकुर झाली. पण अध्यक्षांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. ‘आईच्या मांडीवर लेकरू’ हा फोटो त्यांना डोळ्यांपुढे दिसला असणार. ते म्हणाले, असंच करू. स्टेजवर सगळ्यांदेखत लेकरू मांडीवर देऊ, टाळ्या होऊ द्या, आणि तिथेच सही घेऊ. दुसरा कुणी असता तर आधी सही घेऊन मग पोर दिलं असतं. साधा ट्रॅक्टर विकणारा माणूसही एवढं जाणतो. पण इतकी वर्षं फोटोत राहिलेल्या माणसाला आधी फोटो सुचतो.

सोहळ्याला मी गेले. पक्षकाराने सही केलीच, तर ती काय वाचून करतेय हे बघायला तरी कुणी असावं म्हणून. मिरजगावच्या बाहेर मंगल कार्यालयाच्या लॉनवर स्टेज होतं. मला धरून दुसऱ्या रांगेत बसवलं आणि काही कळायच्या आत कुणीतरी डोक्याला फेटा बांधला. माझ्या शेजारी पोलीस ठाण्याचे साहेब, तेही फेट्यात. सत्कार सुरू झाले. कोण कुणाचा करतंय हे पहिल्या अर्ध्या तासानंतर कळेनासं झालं. शाली स्टेजच्या उजव्या बाजूने येत होत्या, खांद्यांवर बसत होत्या आणि डाव्या बाजूने उतरून पडद्यामागून पुन्हा उजवीकडे जात होत्या. जांभळ्या काठाची एक शाल मी तीनदा ओळखली. सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी एक शेर म्हणत होता आणि एकही नावाला लागू पडत नव्हता.

पहिली चार जोडपी येऊन गेली. त्यातल्या एका जोडप्याचं घटस्फोटाचं काम माझ्याच ओळखीच्या वकिलांकडे चालू होतं, पुढच्या आठवड्यात तारीख होती. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला आणि दोन वेगवेगळ्या गाड्यांत बसून गेले.

मग हे दोघं. दोघांसाठी एक लाल मखमली सोफा होता, लग्नात वधूवरांना बसवतात तसा. नवरा नव्या पांढऱ्या कपड्यांत. मी त्याला कोर्टात पाहिलं होतं, पण स्टेजवर तो आणखीच लहान दिसत होता. मारणारी माणसं चारचौघांत बहुधा अशीच भित्री दिसतात. ती हिरव्या साडीत त्याच्या शेजारी, मधे एक हात अंतर ठेवून. मुलीला समितीने जाळीचा फ्रॉक आणला होता आणि मानेमागचं लेबल कापायचं राहिलं होतं. ते तिला टोचत होतं, ती सारखा हात मागे नेत होती.

अध्यक्षांनी मुलीचा हात धरला, माईक घेतला. त्यांचं भाषण मला पाठ आहे, पुढे ते पुष्कळदा ऐकावं लागलं म्हणून. ते म्हणाले, लेकराची खरी जागा आईच्या मांडीवर, ती जागा जगात कुनी हिरावून घेऊ शकत न्हाई. आज हा बाप सोताहून, राजीखुशीनं, हजारभर मानसांसमोर आपलं लेकरू आईच्या हवाली करतोय. मग माईक त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच काहीतरी सुचवलं.

“दिली,” नवरा म्हणाला.

मुलगी आईच्या मांडीवर बसली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, वर एक ड्रोन भुंग्यासारखा फिरत होता. आईने पहिलं काम काय केलं, तर दाताने ते लेबल तोडलं.

आता सही व्हायची. पण कार्यक्रमपत्रिकेत सहीच्या आधी अध्यक्षांचा हार होता. आमच्याकडे अलीकडे हार हाताने घालत नाहीत, क्रेनने घालतात. लॉनच्या कोपऱ्यात उभी असलेली क्रेन घरघरली आणि सफरचंदांचा एक अजस्र हार हवेत हलत हलत स्टेजकडे यायला लागला. बँड सुरू झाला. हजार माणसांच्या माना एकदम वर गेल्या. नवऱ्याचीही. ठाण्याच्या साहेबांनी फेटा पडू नये म्हणून एका हाताने धरला आणि वर पाहिलं.

ती उठली. मुलीला तिने डाव्या कडेवर घेतलं, उजव्या हाताने पदर सारखा केला आणि स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरली. पळाली नाही. आचाऱ्यांच्या कढयांच्या बाजूने, पाण्याच्या टँकरच्या मागून, बाहेरच्या रस्त्याकडे चालत गेली. मी तिला पाहिलं. मग मीही मान वर केली. हार चांगला होता. सफरचंदं एकसारख्या आकाराची होती.

अध्यक्षांच्या गळ्याभोवती हार टेकवून झाला, पाकळ्या उडाल्या, मग सूत्रसंचालकाने सहीसाठी त्या भगिनीला पुकारलं. सोफ्यावर नवरा एकटाच होता. “ताई जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावं,” असं त्याने चारदा सांगितलं, शेवटच्या वेळी तर शेर म्हणून सांगितलं. तोवर मिरजगावच्या थांब्यावरून नगरची एसटी सुटली होती. अध्यक्षांना हारामुळे मान वळवता येत नव्हती. त्यांनी डोळे फिरवून साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, आता तक्रार काय लिहून घेऊ? बापाने दिली, आईने नेली, आणि मी इथेच बसलोय.

मी तिला असं कर म्हणून सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं, तर हे लिहिलं नसतं.

दसरा झाला, ट्रक गेले, मुलगी त्यात नव्हती. आईने तिला नगरजवळच्या एका गावात मावशीकडे ठेवून तिथल्या शाळेत बसवलं. भावाने तिच्याशी बोलणं सोडलं. दिवाळीनंतरच्या तारखेला समोरून अर्ज आला, की मुलीला फूस लावून पळवून नेलं. मी उत्तरात अध्यक्षांच्या सोहळ्याची अधिकृत चित्रफीत दाखल केली. ती मिळवायला काहीच कष्ट पडले नाहीत. त्यांनीच गावोगाव पाठवली होती, उठून जाण्याचा भाग कापून.

न्यायाधीश मॅडमनी ती आपल्या टेबलावर लावली. सनई, ढोल, तुतारी सगळं एकदम सुरू झालं. त्यांनी आवाज कमी करायला सांगितला. मग भाषण ऐकलं. मग नवऱ्याला पुढे बोलावलं.

“यात ‘दिली’ म्हणालात ते तुम्हीच ना?”

“अध्यक्षांनी म्हन म्हनलं.”

“आणि अर्जात ‘पळवली’ म्हटलंय, ते कुणी म्हण म्हटलं?”

त्याने आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकील त्यांच्या फायलीत काहीतरी शोधायला लागले.

मॅडमनी मुलीला एकटीला आत बोलावलं. आत काय झालं ते मला माहीत नाही, विचारायचंही नसतं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चॉकलेट होतं. ते तिने आईला धरायला दिलं आणि स्वतः बुटाची नाडी बांधत बसली. दावा चालेतोवर मुलगी आईजवळ राहील, असा हुकूम झाला. त्यात अध्यक्षांचं वाक्यही आलं, की वडिलांनी जाहीर समारंभात मुलीला स्वेच्छेने आईच्या स्वाधीन केलेलं दिसतं. पुढच्या महिन्यात मला कळलं, की अध्यक्ष सांगत फिरताहेत, कोर्टानेसुद्धा आमचा शब्द मान्य केला. त्यांनी माझ्या ऑफिसात आणखी एक शाल पाठवली. जांभळ्या काठाची.

लोकांना हा किस्सा इथवर आवडतो. वकिलांच्या बाररूममध्ये मी तो दोनदा सांगितला आहे आणि दोन्ही वेळा चहा फुकट मिळाला. पण हसण्यासारखं त्यात फार नाही. जी मुलगी कुणाच्याही हुकुमाशिवाय अडवून ठेवली होती, ती परत घेण्यासाठी आईला मोडक्या हाताने मखमली सोफ्यावर, मारणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं लागलं. आणि ते बसणं तिला पुढे महागात पडायचं होतं.

कारण घटस्फोटाचा दावा उभाच होता. या वर्षी तिची उलटतपासणी झाली. समोरच्या वकिलांनी तीच चित्रफीत काढली. त्यांचं म्हणणं असं, की छळ झाला असेल नसेल, पण नंतर ही बाई हिरवी साडी नेसून नवऱ्याशेजारी बसली, म्हणजे तिने झालं गेलं माफ केलं. कायद्यात असं असतं. एकदा माफ केलं की त्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. दावा फेटाळला गेला तर लग्न टिकलं, आणि लग्न टिकलं तर मुलीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. तिला हे मी आधीच समजावलं होतं. ती रात्रभर झोपली नसावी, डोळे तसे दिसत होते.

“तुम्ही आपखुशीने त्याच्याशेजारी बसलात, हे खरं आहे का?”

“पोरगी आनायला गेल्ते.”

“मी विचारलं तेवढंच सांगा. बसलात की नाही?”

“बसले. पोरगी आनायला.”

वकिलांनी तो नाद सोडला आणि मारहाणीकडे वळले. पोलिसांत तक्रार नाही, सरकारी दवाखान्याचा कागद नाही. फडावर एवढ्या कोपी शेजारी शेजारी असतात, मग एकानेही कसं पाहिलं नाही? शेजारच्या कोपीतली माणसं आता साक्षीला येणार नव्हती, सगळ्यांना काम देणारा मुकादम एकच होता. वकिलांना ते माहीत होतं. त्यांनी आवाज चढवून विचारलं, “तुम्हाला मारताना पाहिलेला एक तरी माणूस आहे का? नाव सांगा.”

“अध्यक्ष,” ती म्हणाली.

अध्यक्ष त्या दिवशी नवऱ्याच्या बाजूने समेटाची साक्ष द्यायला आले होते. बाहेरच्या बाकावर बसले होते, पांढऱ्या कपड्यांत, दोन माणसांसह. वकील गोंधळले. माझ्या माहितीत अध्यक्ष कधी फडावर गेले नव्हते. मॅडमनी विचारलं, ते तिथे होते?

“आमच्या कोपीवर त्यांचाच फ्लेक्स हुता,” ती म्हणाली. “थंडी लागू न्हाई म्हनून टाकला हुता. जुना झाल्यावर देतात तो. मी खाली पडले हुते, ते वरून हात जोडून बघत हुते. खाली लिवलेलं बी सगळं वाचलं मी.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग साक्ष नोंदवायची असते तशी त्यांनी टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली. दुसरं काही सांगता येणारही नव्हतं, नियम तसाच आहे. की-बोर्ड खडखडला आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘मारहाण होताना प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार नाही, हे म्हणणे खरे आहे.’

तिला ओळ वाचून दाखवली आणि बरोबर आहे का विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने वाकड्या हाताने पेन धरलं आणि सही केली.

बाहेर शिपायाने अध्यक्षांच्या नावाचा पुकारा केला. ते उठले, झब्बा झटकला, आणि दारातून आत येताना सवयीने सगळ्या कोर्टाला हात जोडले.